मे म्हण आधी

"पाय आहेत ना तुला? मग आत येऊ शकतेस. पण येऊ द्यायचं का नाही, ते मी ठरवणार. पहिलं झालं कॅन. दुसरं मे. आधी मे म्हण."

इंग्रजीचे सर हे बोलले तेव्हा मी वर्गाच्या दारात उभी होते. सांगलीच्या नर्सिंग कॉलेजात माझा पहिलाच आठवडा. मी विचारलं होतं, "कॅन आय कम इन, सर?" माण तालुक्यातल्या आमच्या शाळेत असंच विचारायचो. गुरुजी म्हणायचे, "ये की."

"ॲडमिशन सवलतीतनं?" सरांनी विचारलं.

मी मान हलवली.

"तरीच. ह्यांना कॅनच माहीत. तुम्हाला सगळं येतं, असं सरकारनं सांगून ठेवलंय. मे शिकवायचं राहिलं."

वर्ग हसला. सकाळी माझ्या डब्यातली कारळ्याची चटणी खाल्लेली, माझ्याच खोलीतली मुलगीही हसली.

मी म्हणाले, "मे आय कम इन, सर?"

"नो."

आणि ते फळ्याकडं वळले. तास संपेपर्यंत मी व्हरांड्यात.

मग ते नेहमीचंच झालं. बाकीच्या मुली नुसतं "सर" म्हणून आत शिरायच्या. मी मे म्हणायचं आणि थांबायचं. त्यांच्या मनात आलं तर आत. बहुतेक वेळा बाहेर. पुस्तकात लिहिलं होतं, एक शब्द कुवतीचा, एक परवानगीचा. परवानगी कुणी मागायची आणि कुणी द्यायची, हे आधीच ठरलेलं असतं. ते पुस्तकात नव्हतं.

बाहेर उभं असलेल्याची हजेरी लागत नाही. माझी कमी भरली. सरांनी पालकांना बोलावून घेतलं.

आबा आले. माझे वडील नवी मुंबईच्या मार्केटात पोती वाहतात. खाडा करून, एसटीनं, इस्त्रीचा शर्ट घालून आले. सरांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एका मुलीचे वडील पायांत बूट घालून चहा पीत बसले होते. आबांनी कुणी न सांगता चपला काढल्या.

"येऊ का, सायेब?"

सरांनी बघितलं. पाहुण्याशी गप्पा चालूच.

"सायेब, येऊ का?"

आवाज आणखी खाली गेला होता. कमरेतून वाकले होते आबा. मार्केटात क्विंटलचं पोतं पाठीवर घेणारा माणूस हा. इथं पाठीवर काहीच नव्हतं.

तेव्हा मला कळलं. मे आम्हाला कुणी शिकवायची गरजच नव्हती. ते आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या होतं. पाटलाच्या वाड्यातल्या सोप्यापुढं होतं, पाणवठ्यावर होतं. आज्याच्या तोंडात होतं, आबांच्या तोंडात होतं. आमच्या घरात नवीन होतं ते कॅन.

"आबा, चपला घाला," मी म्हणाले.

"आगं, गप."

"घाला. मगच आत जायचं."

त्यांनी घातल्या. मी त्यांचा दंड धरला आणि आत गेले. रिकामी खुर्ची ओढून त्यांना बसवलं.

"कुणाला विचारून आलात?" सर ओरडले.

"कुणालाच नाही. तुम्ही बोलावलं होतं."

आबा उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा." मग सरांकडं वळून म्हणाले, "सर, मी गैरहजर नव्हते. तुम्ही मला बाहेर ठेवलंत. का ठेवलंत, ते मी लेखी देणार आहे."

दिलं. त्याच दिवशी, प्राचार्यांकडं.

पुढं काही चांगलं घडलं नाही. माझ्या खोलीतली मुलगी साक्ष द्यायला तयार होईना. "माझं पण वर्ष हाय गं," म्हणाली. अंतर्गत परीक्षेत सरांनी मला नापास केलं. चौकशी समितीपुढं सर म्हणाले, मी व्याकरण शिकवत होतो. समितीतल्या एक मॅडम मला जवळ घेऊन म्हणाल्या, "एवढ्याशा शब्दावरनं केवढं हे? असं कर, अर्जातला 'जात' हा शब्द तेवढा काढ. हजेरी आम्ही भरून देतो. तुझं वर्ष वाचेल."

मी काढला नाही.

आबांचा फोन येतो. "काढ की बाय तेवढा. आपुन कोन? त्येंच्याफुडं आपलं काय चालतंय?"

"चालंल का न्हाई, ठावं न्हाई आबा. पर मी काढणार न्हाई."

मी त्यांना धीर देत नाही. खोटा धीर देऊन करू काय?

समितीनं परत बोलावलंय. मी एकटीच जाणार आहे. व्याकरणावर बोलणार नाही. मला बाहेर का उभं केलं, ते त्या शब्दासकट त्यांच्या तोंडावर सांगणार आहे. वर्ष जाईल. जाऊ दे. अर्जातलं एक अक्षर मागं घेणार नाही.