शेंगदाण्याची पुडी आणि पाण्यापलीकडची कुसुम

बंगळूरहून पुण्याला निघालेलं विमान अजून जमिनीवरच होतं आणि माझा हात पिशवीत गेला होता. आमच्या गावाहून, अवसरीहून नेलेली पुडी त्यात शिल्लक होती. घरच्या रानातले, मिठाच्या पाण्यात भिजवून भाजलेले शेंगदाणे. प्रवास सुरू झाला की माझं तोंडही सुरू होतं. पुडीचा दोरा सोडणार तेवढ्यात सूचना आली, की आज एका प्रवाशाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कृपया कुणीही शेंगदाणे उघडू नयेत.

मागच्या रांगेतून आवाज आला, "एका माणसापायी आख्ख्या इमानानं त्वांड बांधून बसायचं? लई झालं राव! आमी खानार."

बोली कानाला ओळखीची लागली. वळून विचारलं, तर गृहस्थ आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातले, पिंपरी पेंढारचे निघाले. मला चेव आला. "बरोबर हाय भाऊ," मी म्हटलं. "शेंगदाण्यानं कुनी मरतं व्हय?"

खिडकीजवळ तोंडाला मास्क लावलेली एक तरुणी समोरचा ट्रे तिसऱ्यांदा पुसत होती. ती हळूच म्हणाली, "आजी, ती मी."

मी पुडी पिशवीत खाली दडपली. मग विचारलं, "होतं तरी काय गं?"

"आधी ओठ सुजतात. मग डोळे मिटतात. मग घसा आवळतो आणि आवाज घोगरा होतो." ती पुसत राहिली. "माझा वाटतच नाही. दुसरंच कुणी माझ्या तोंडून बोलतंय असं वाटतं."

विमान वर चढत होतं. कानाला दडे बसले आणि त्या बधिर शांततेत तो घोगरा आवाज मला ऐकू आला. पन्नास वर्षांपूर्वीचा. आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून आलेला.

ती माझी धाकटी नणंद, कुसुम. मी अवसरीच्या घरात नवी सून म्हणून आले तेव्हा मी सातवी पास होते आणि अकलेत नापास. कुसुम भाजी-कालवणाला शिवायची नाही, दूधभाकरीच खायची. लाडावलीय, असं माझं निदान. एकदा मी तिला कूट घातलेलं वांगं बळंच भरवलं. घटकाभरात चेहरा सुजला, आवाज बदलला. घरचे म्हणाले, बाहेरची बाधा झाली, कुणी बाई लागलीय. मग उपाय ठरला, पोरीला शनिवारचे उपास. आणि उपासाचं करणार कोण? मी! भगर, तिच्यावर दाण्याची आमटी, वर दाण्याचा लाडू. पोर तोंड फिरवायची. मी म्हणायचे, बघा, आतली बाई उपासाला भिते. आणि दर शनिवारी 'ती' यायची. जितकी ती जोरात यायची, तितकं मी कूट जास्त घालायचे.

शेवटी मीच शहाणपणा केला. म्हटलं, बाधा पाणी ओलांडत नाही, हिला नदीपलीकडे डिंभ्याला मावशीकडे ठेवा. मावशीकडे उपास नव्हता, रोज भात आणि मासळी. 'ती' तिथं कधीच आली नाही. माझी केवढी वाहवा झाली! कुसुम मात्र तिथंच राहिली. लागलेली पोर म्हणून कुणी तिला मागणी घातली नाही. अवसरीचा उंबरा तिनं पुन्हा ओलांडला नाही, घरातल्या लेकरांना काही लागू नये म्हणून.

मागं कागद फाडल्याचा आवाज झाला. मी वळले. "भाऊ, खाऊ नका. हात जोडते."

"आत्ता तर व्हय म्हनला व्हता की!"

"चुकले. आयुष्यभर चुकलेय."

माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पाकीट मिटलं. माझी पुडी मी हवाई सुंदरीच्या हवाली केली.

पुण्यात उतरून मी घरी गेलेच नाही, मंचरवरून तडक कुसुमकडे निघाले. मंचरच्या स्टँडवर भट्टीचे गरम शेंगदाणे, टपरीवर चिक्की, कोपऱ्यात टरफलांचा ढीग. जन्मभर ज्या वासानं भूक लागली, त्याच वासानं त्या दुपारी अंगावर काटा आला. डिंभ्याची गाडी किती वाजता, असं कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "आली की म्हनायचं आली, आज्जी."

ती दोन तासांनी आली. घोडेगाव मागं पडलं, डोंगर जवळ सरकले. धरणाचं पाणी इतकं निश्चल होतं, की कुणीतरी श्वास धरून ठेवल्यासारखं वाटावं. कुसुम दारात मासे साफ करत होती. मी नळावर कोपरापर्यंत हात धुतले, मगच तिच्याजवळ बसले.

सगळं सांगितलं. विमान, ती मुलगी, शनिवार, कूट. "मीच घालत व्हते गं तुला," म्हटलं.

कुसुमनं विळी आडवी केली. "म्हंजी वैनी, माझ्यात कुनी नव्हतंच?"

"न्हाई गं. कुनीच नव्हतं."

तिनं पाण्याकडे पाहिलं. मग तिच्या अगदी साध्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "मंग इतकी वर्सं मी बोलत व्हते ती कुनासंगं?"

मी आडवी पडलेली विळी ओढून उरलेले मासे साफ करायला घेतले.

विमानात शेंगदाण्यांना बंदी असावी का, असं आता मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, असावी. दोन तास दाणे न खाल्ल्यानं कुणाचं काही जात नाही. खाल्ल्यानं कुणाचं काय जातं, ते मी डिंभ्यात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कुसुमला अवसरीला घेऊन निघाले. निघण्याआधी सुनेला फोन करून घरातलं सगळं कूट बाहेर काढायला लावलं होतं, भांडी राखेनं घासायला सांगितली होती. गाडी रिकामीच होती. तिघांच्या बाकावर मी कडेला बसले, कुसुम मधे. खिडकीकडे सरक, गार वारा लागेल, असं मी म्हटलं.

ती सरकली नाही. पदर सावरून तिनं खिडकीची जागा तशीच मोकळी ठेवली, आणि मंचर येईपर्यंत अधूनमधून तिकडे वळून, ओठांतल्या ओठांत, काहीतरी सांगत राहिली.