मास्तर, तुमी थांबा

आमच्या दिग्रसच्या डॉक्टरबाई पेशंटला तपासण्याआधी चहा पाजत. कप काठोकाठ भरलेला, खाली बशी. नवखा माणूस म्हणे, काय माणुसकी आहे! माणुसकी होतीच, पण बाईंचे डोळे कपावर असत. बशी वाजू लागली की स्टेथोस्कोप तसाच गळ्यात ठेवून त्या सहज विचारत, "झोप कशी हाये?"

"दारू पिता का?" असं मात्र त्या कुणालाच विचारत नसत. "विचारलं की माणूस खोटं बोलते, अन् मंग जन्मभर ते खोटं सांभाळत बसते," त्या म्हणत. बोटांच्या बेचक्यात बिडीचे चटके दिसले की त्या ओळखत, बिडी जळत आली तरी याला शुद्ध नव्हती. पित्ताची तक्रार सांगत नवरा बसला असला की त्या बघत बायकोकडे. "दुखणं त्याचं, पण ते दिसते हिच्या तोंडावर."

दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातून त्या आलेल्या. घरातल्या पहिल्याच डॉक्टर. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की बाजाराच्या दिवशीही तो रस्त्यापलीकडे ऐकू जाई. कापसाची ती वाईट वर्षं होती. सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने महिना-दीड महिना धडधडून बंद पडत आणि फिटर, ड्रायव्हर, हमाल सगळेच रिकामे होत. भाव पडला म्हणून पितो, असं कुणी म्हणालं की बाई हसून विचारत, "अन् भाव चढला होता तवा काहून पेला होता?" समोरचाही हसे. हसला की अर्धा सुटला, असा त्यांचा हिशेब.

माझा साळा सुधाकर जिनिंगमध्ये फिटर होता. त्याला काम नव्हतं आणि त्याच्या दोन्ही हातांना कंप सुटल्याचं त्याच्या बायकोनं आमच्याकडे येऊन रडत सांगितलं. मी हायस्कुलात गणित शिकवणारा, घरातला शहाणा माणूस. त्याला दंडाला धरून बाईंकडे नेलं. वाटेत दारूवर भरपूर उपदेश केला. दोन कप चहा आला.

बाईंनी त्याचे डोळे पाहिले, मानेवर हात ठेवला, नाडी मोजली. म्हणाल्या, "यायच्या गळ्याची गाठ वाढली हाये, थायरॉइडची. हात त्याच्यानंच कापतात. यवतमाळले रक्त तपासून घ्या. तुमी जा भाऊ घरी." मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी थांबा."

माझ्या बशीत अर्धा कप चहा सांडला होता.

"म्हणजे? मला काय झालंय?" माझा आवाज चढला. "मी शिक्षक आहे, बाई! उगाच काहीतरी..."

"मी तं काईच म्हटलं नाही अजून," बाई शांतपणे म्हणाल्या. "इतका राग काहून आला?"

मी बशीतला चहा परत कपात ओतू लागलो.

"कमी करून पाह्यली होती?"

"दर सोमवारी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"अन् सकाळी? शाळेच्या आधी?"

मी खिशातली बडीशेपेची पुडी चाचपली. बाई हळूच म्हणाल्या, "बडीशेप चांगली असते मास्तर. पण सकाळी साडेसहाले कोणी मूठभर खात नाही."

मी ताडकन म्हणालो, उद्यापासून बंद! तर त्या माझ्यावरच ओरडल्या. "अजिबात नाही! एकदम बंद केली तं झटके येतात, जीव जाते. बंद करायची तं माह्या नजरेसमोर."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी सहा दिवस काढले. बायको, नंदा, उशाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी मला भिंतभर मुंग्या दिसू लागल्या आणि मी त्यांना त्रैराशिक शिकवलं म्हणे. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बरा झाल्यावर म्हणाल्या, "मास्तर, शिकवता छान. माह्यावेळी असे मास्तर असते तं गणितात वाचली असती मी." नंदा कितीतरी महिन्यांनी खळखळून हसली.

वर्षभरानं पुसदच्या एका लग्नात मी घसरलो. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून बाईंसमोर उभा राहिलो. वाटलं, आता आवाज रस्त्यापलीकडे जाणार. "आले ना?" त्या एवढंच म्हणाल्या. "न येणाऱ्याची मले भीती वाटते. बसा." त्यानंतर आजतागायत नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बाईंनी दवाखाना बंद केला आणि लेकीकडे नागपूरला जायचं ठरवलं. निरोपाला स्टँडवर अर्धं गाव लोटलं. सुधाकर गोळ्यांनी चांगला ठणठणीत झाला होता. बाईंची ट्रंक त्यानंच चढवली. मी हार घेऊन खिडकीशी उभा होतो, दोन वाक्यं पाठ केली होती. एवढ्यात गर्दीतून एक ड्रायव्हर पुढे घुसला. "बाई, जाता जाता पित्ताची गोळी तेवढी सांगून जा ना."

बाईंनी त्याच्या बोटांकडे पाहिलं, त्याच्यामागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "यायच्याशी जरा बोलता काय?"

मी हार सुधाकरच्या हातात दिला आणि त्या माणसाला घेऊन पिंपळाच्या पारावर बसलो. "झोप येते का रे भाऊ?" मी विचारलं. तो बोलू लागला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. बस केव्हा सुटली, मला कळलंच नाही.