मेल पाठवला, असं माझा प्रोग्राम म्हणाला

मला माझ्या कामाबद्दल कधी शंका नसते, हे आधीच सांगून टाकते. सात रस्त्याजवळच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात मी बावीस वर्षं क्लार्क आहे. त्यातली बरीचशी वर्षं टाइप करण्यात, पाकिटं चिकटवण्यात आणि "मॅडम, आमचं पत्र अजून आलं नाही" हे फोनवर ऐकण्यात गेली. चाळिशी उलटल्यावर मी प्रोग्रामिंग शिकले. क्लासबिस काही नाही. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावायचा आणि भाकरी थापता थापता ऐकायचा. घरचे म्हणाले, हे काय नवीन खूळ. मी म्हटलं, बघाच आता.

आणि त्यांना बघावं लागलं. आमच्याकडे दरवर्षी निवड झालेल्या मुलींना पत्रं जायची. पत्र मिळाल्यावर मुलीनं ठरलेल्या मुदतीत येऊन प्रवेश पक्का करायचा. नाही आली तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला. टपालात पत्र रेंगाळलं की भांडणं आमच्या खिडकीवर. मी प्रोग्राम लिहिला. तो यादी वाचतो, प्रत्येकीच्या नावानं मेल तयार करतो आणि क्लाउडवरच्या एका मेलसेवेकडे देतो. निवडीआधी कुणाचे कागद अपुरे असले तर त्याची आठवणही तोच रोज मेलनं पाठवतो. अशी सेवा भाड्यानं मिळते. आपण पत्र लिहायचं आणि तिनं ते वाटायचं, म्हणजे टपालखात्यासारखंच, फक्त पोस्टमन दिसत नाही.

ती सेवा नवख्या माणसावर लगेच भरवसा ठेवत नाही. सुरुवातीला स्वतःच्याच पत्त्यावर मेल पाठवू देते, बस. पुढची मोकळीक हवी असेल तर अर्ज करा: कुणाला पाठवणार, पत्ते कुठून मिळवले, मेल परत आले तर काय करणार, कुणी तक्रार केली तर काय करणार. मी चार परिच्छेद झोकात इंग्रजी लिहिलं. परत आलेले मेल आणि तक्रारी आम्ही रोज तपासू, असंही ठोकून दिलं. मंजुरी मिळाली. या सूचना येण्यासाठी मी एक वेगळी मेलपेटी उघडली आणि त्या पेटीत पुन्हा डोकावले नाही. नंतर बघू म्हटलं. खरं सांगायचं तर बघायची गरजच वाटली नाही.

कारण समोर दिसत होतं ना! साठ मेल, चहाचा कप खाली ठेवायच्या आत गेले. स्क्रीनवर एकाखाली एक नाव आणि प्रत्येक नावापुढे 'पाठवला'. आमच्या प्राचार्या खुर्चीमागे उभ्या राहून बघत होत्या.

"सगळ्यांना पोचले म्हणायचे का?" त्यांनी विचारलं.

"हे काय मॅडम, लिहिलंय की समोर," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात माझ्या सांगण्यावरून टपालाची पत्रं बंद झाली. बोर्डावर यादी लावणंही मीच बंद करायला लावलं, गर्दी नको म्हणून. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजले की ज्या मुली आल्या नाहीत त्यांच्या जागा प्रोग्राम आपोआप पुढच्यांना देऊन टाकायचा. मला तर फुशारकी मारायला नवीन विषयच मिळाला. पाव्हणेरावळे आले की मी चहाआधी प्रोग्रामचंच सांगायला लागायची.

हे झालं मागच्या वर्षीचं. यंदा प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, चार वाजायच्या सुमारास, खिडकीशी एक मुलगी येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची फाईल, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. सीमेवरच्या मैंदर्गी गावाहून आली होती, एसटीनं, एकटीच.

"मॅडम, निवडीची यादी बघायची होती."

"यादी लावत नाही आम्ही. नंबर लागला असेल तर मेल येतो."

"मेल आला न्हाय."

"आला नाही म्हणजे लागला नाही."

हे वाक्य मी त्या आठवड्यात कितीदा म्हटलं असेल कुणास ठाऊक. लोक ऐकतात, तोंड पाडतात आणि जातात. ही जागची हलली नाही.

"मागच्या वर्षी फोनवर तुमीच हे बोलला होता," ती म्हणाली. "आवाज वळखला मी."

"मग मागच्या वर्षीच कळलं ना?"

असं बोलले मी. लाज वाटते, पण बोलले.

तिचा आवाज चढला नाही. "म्हणूनच आले की. फोनवर भागत न्हाय म्हणून. तुमी बघून सांगा. न्हाय म्हणाला तर जाते मी. पण यंदाचं शेवटचं हाय मॅडम. अप्पा म्हणत्यात, दोनदा नापास झालेल्या पोरीला तिसऱ्यांदा बसवणार न्हाय."

अप्पा म्हणजे तिचे वडील. मागच्या वर्षी मेल आला नाही, तेव्हापासून ही गावातल्या एका दवाखान्यात झाडलोट करायची, केसपेपर काढायची आणि रात्री अभ्यास. प्रवेशपरीक्षा पुन्हा दिली होती. मी वैतागूनच तिचा अर्ज क्रमांक टाकला.

नाव होतं. चौतिसावं. पुढे 'पाठवला'.

आणि मला काय वाटलं असेल? आनंद नाही, कीव नाही. मला वाटलं, माझंच बरोबर. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे बघ. लागलाय तुझा नंबर. मेल पाठवलाय पाच दिवसांपूर्वी. तुम्ही लोक मेल उघडून बघत नाही आणि इथं येऊन आम्हाला विचारता."

"लागलाय?" तिनं खिडकीचा गज धरला. "पण मी रोज बघत होते मॅडम. रोज."

"कुठं बघत होतीस?"

"दुकानात. मेल माझा न्हाय, फॉर्मवाल्याचा हाय. आमच्याकडं समद्यांचे फॉर्म तेच भरत्यात. मेलच्या रकान्यात त्यांचाच पत्ता टाकत्यात. मी रोज जायची, ते रोज उघडून दावायचे. काय बी नव्हतं."

मी तो पत्ता अर्जांच्या यादीत शोधला. एकाच पत्त्यावर अडतीस मुली. अडतीस! डोळ्यांखालून रोज जाणारी यादी, मला कधी दिसलं नव्हतं. आपल्याकडे मुलीचा मोबाईल नंबर घरातल्या कुणाचा तरी असतो आणि मेलचा पत्ता दुकानदाराचा, हे मला ठाऊक नसायचं काही कारण नव्हतं. मी काय अमेरिकेत राहते?

मग मी ती मेलपेटी उघडली. वर्षभर न उघडलेली. सूचनांचा ढीग होता. त्यात हा पत्ता पुन्हा पुन्हा येत होता आणि प्रत्येक वेळी एकच मजकूर: या पत्त्यावरून तक्रार आली आहे, म्हणून इथे मेल पाठवलेला नाही.

मी दुकानदाराला फोन लावला. माणूस साधा होता. म्हणाला, "व्हय मॅडम, मागच्या साली तुमचे दिवसाला तीस-चाळीस मेल यायचे. समदे एकसारखे. कागद अपुरे, कागद अपुरे. माझं बाकीचं कायच सापडंना. मग स्पॅमचं बटण दाबलं की. का, काय झालं?"

काय झालं ते असं. त्यानं एकदा बटण दाबलं. सेवेनं त्याची तक्रार नोंदवली आणि तो पत्ता 'इथे पाठवू नये' अशा यादीत टाकला. सेवेचंही बरोबर होतं, नको म्हणणाऱ्या माणसाच्या दारात ती पत्र टाकत नाही. पण माझा प्रोग्राम मेल द्यायला गेला की ती मेल घ्यायची, 'मिळाला' म्हणायची आणि बाजूला ठेवून द्यायची. खरी बातमी त्या दुसऱ्या पेटीत जायची. प्रोग्राम 'मिळाला' एवढंच ऐकायचा आणि 'पाठवला' लिहायचा. ती ओळ मीच लिहिली होती. आता माझा प्रोग्राम तसं म्हणत नाही. 'सेवेकडे दिला' म्हणतो, आणि पोचल्याची खबर आल्याशिवाय 'पोचला' म्हणत नाही. न पोचलेल्यांची यादी रोज सकाळी माझ्यासमोर येते आणि मी फोन करते. पण हे पुढचं.

त्या दिवशी साडेचार होत आले होते. आधी मी पाच वाजता सुटणारा प्रोग्राम थांबवला. मग प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे 'लिहिलंय की समोर' म्हणालात, ते?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, ते चूक होतं. त्या पत्त्यावरच्या आणखी चार मुली यंदाच्या निवडीत होत्या. प्राचार्यांनी मुदत दोन दिवस वाढवली आणि मी तिथूनच चौघींच्या घरी फोन केले. चौघीही सापडल्या. घाबरायला मला वेळ नव्हता आणि स्वभावही नाही. बिघडलेलं काम दिसलं की माझे हात आपोआप चालतात.

मैंदर्गीच्या मुलीचे कागद तर फाईलमध्ये तयारच होते. तपासले, नोंद केली, प्रवेशपत्र छापायला टाकलं. ती बाकावर बसून आईशी फोनवर कानडीत बोलत होती. मधूनच हसत होती. प्रिंटरमधून प्रवेशपत्र निघत होतं आणि माझं काम झालं होतं.

तेव्हा मला तो फोन आठवला. मागच्या वर्षीचा. म्हणजे आठवला नाही, तिनं सांगितलेला आठवला. मी मागच्या वर्षीची यादी उघडली.

एकविसावं नाव तिचं. पुढे 'पाठवला'. त्यापुढे, मुदतीत प्रतिसाद नाही, जागा पुढे दिली.

मला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही नाही. तिला यंदा प्रवेश मिळाला होता, ती खूश होती, सहाची गाडी होती तिची. फाईल बंद करावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. बंद केली असती तर या पृथ्वीवर कुणाला कळलं नसतं. पण मग उद्यापासून त्या खुर्चीत बसून मी कुठल्या तोंडानं कुणाला 'नंबर लागला नाही' म्हणणार होते? मी तिला हाक मारली.

"अगं, मागच्या वर्षीपण तुझी निवड झाली होती. एकविसावं नाव होतं. मेल गेलाच नाही."

तिनं फोन कानावरून खाली घेतला. पलीकडून आई बोलतच होती.

"म्हंजे मी नापास नव्हते?"

"नव्हतीस."

"वर्षभर अप्पा नीट बोलले न्हाईत माझ्याशी," ती म्हणाली. "पावणे आले की सांगायचे, हिला जमलं न्हाय. मलाबी तेच वाटलं. पेपर आठवून आठवून बघायची, कुटं चुकले म्हणून." मग बाकावरून उठून खिडकीशी आली. "फोनवर नुसतं माझं नाव इचारलं असतं तुमी. किती वेळ लागला असता मॅडम?"

मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी कागद सारखे करत बसले.

"लिहून द्या," ती म्हणाली.

"काय?"

"मागच्या वर्षी नाव होतं म्हणून. कागदावर."

मी कॉलेजच्या लेटरहेडवर टाइप केलं: सदर विद्यार्थिनी मागील वर्षी निवड यादीत एकविसाव्या क्रमांकावर होती, परंतु तांत्रिक कारणामुळे तिला कळवता आले नाही. शिक्का मारून दिलं. ती ओळीखाली बोट फिरवत वाचत गेली आणि एका ठिकाणी थांबली.

"तांत्रिक कारण म्हंजे काय?"

"म्हणजे प्रोग्राममध्ये चूक होती."

"प्रोग्राम कुणी लिवला?"

"मी."

"मग तसं लिवा की. अप्पा इचारत्याल, चूक कुणाची. मशिनची म्हटलं तर मानणार न्हाईत. माझीच म्हणत्याल."

मी तो कागद फाडला. दुसरा घेतला आणि या वेळी हातानं लिहिला. ही मुलगी मागच्या वर्षी पास झाली होती. तिला कळवायचं काम माझं होतं, ते माझ्या चुकीमुळे झालं नाही. तिची काही चूक नव्हती. खाली सही, आणि सहीखाली माझं पूर्ण नाव, तिच्या वडिलांना सहज वाचता येईल असं, मोठ्या अक्षरांत.

तिनं तिथंच, खिडकीत उभं राहून, वडिलांना फोन लावला आणि तो कागद कानडीत सांगून वाचून दाखवला. कानडी मला येत नाही. त्यातलं मला फक्त माझं नाव कळलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ते नाव तिनं पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.