तिसऱ्या व्हेक्टरचे आठ मार्क

त्या वर्षी मी पत्रकं लिहून लिहून थकलो होतो. हे आज कळतं. तेव्हा थकवा आला की आणखी एक पत्रक लिहायचो. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, नागपुरातलं होस्टेल, आणि नळापासून मेसच्या डाळीपर्यंत काहीही बिघडलं की सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कापायला मी.

माझा खोलीतला सोबती कुहीकडचा, धानाची शेती असलेल्या घरातला. प्रत्येक गणित तळापर्यंत उकरून पाहायचा, म्हणून निम्मा पेपर लिहायचा राहून जायचा. माझी पत्रकंही तो तशीच वाचायचा. मेसवरचं पत्रक वाचून म्हणाला, "दहा मागण्या लिहिल्या गा तू. पहिल्या दोन सोडल्या त बाकीच्या आठ त्याईच्याच बेरजा हायेत."

"लोकांले दहा लागतात," मी म्हटलं.

"मंग शंभर लिही. डाळ पातळच राहीन."

शेवटच्या परीक्षेत आठ मार्कांचं एक गणित आलं. तीन आकड्यांचा एक व्हेक्टर आत टाकला की तीन आकड्यांचा दुसरा बाहेर येतो. कसा येतो, तो नियम नऊ आकड्यांच्या चौकटीत मांडायचा. ती चौकट म्हणजे मॅट्रिक्स. तीन व्हेक्टरांचं काय झालं ते दिलं होतं, त्यावरून मॅट्रिक्स काढा. आम्हाला सवय अशी की तीन दिलेत म्हणजे उत्तर निघतंच. पण या तिघांतला तिसरा म्हणजे पहिल्या दोघांची नुसती बेरीज होती. त्याचं उत्तरही त्या दोघांच्या उत्तरांची बेरीज. म्हणजे तिसऱ्यानं नवीन काहीच सांगितलं नव्हतं, आणि दोन व्हेक्टरांवरून नऊ आकडे ठरत नाहीत.

आम्ही बहुतेकांनी चौकटीतल्या मधल्या उभ्या रांगेत मनानंच तीन शून्यं ठोकली आणि बाकीचं जुळवून घेतलं. पेपर काढणाऱ्याच्या उत्तरातही तिथे शून्यंच होती, म्हणून आठ मार्क मिळाले. मलाही मिळाले. माझ्या सोबत्यानं लिहिलं की दिलेल्या माहितीवरून एकच मॅट्रिक्स ठरत नाही, आणि पुरावा म्हणून जुळणारे दोन वेगवेगळे मॅट्रिक्स मांडून दाखवले. त्याला भोपळा. पाच मार्कांनी पेपर गेला.

त्याच्या गावाजवळच्या हायस्कुलात गणिताच्या मास्तराची जागा रिकामी होती. हेडमास्तरांनी शब्द दिला होता : शाळा उघडायच्या आत पासाचा निकाल आण, जागा तुझी. तो घरच्या कामासाठी गावी निघाला, तेव्हा फेरतपासणीचा सही केलेला अर्ज माझ्याजवळ देऊन गेला. "तेवढा सरांले नेऊन दे गा."

मी नेला. गणित विभागाच्या सरांनी अर्ज वाचला, खडूचे हात धोतराला पुसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मुलाचं बरोबर आहे. हा एकट्याचा अर्ज राहू द्या. मी आठवड्यात तपासून घेतो. बोभाटा करू नका."

बोभाटा करू नका. खोटं ठोकणाऱ्यांना आठ, खरं लिहिणाऱ्याला शून्य, आणि वरून गुपचूप उपकार घ्यायचा? माझं डोकं तापलं. अर्ज परत मागून घेतला. दुपारीच स्टेन्सिल कापलं : चुकीच्या प्रश्नाचे आठही मार्क सर्वांना मिळालेच पाहिजेत. दोन दिवसांत दीडशे सह्या झाल्या. सोबत्याचा अर्ज सगळ्यात वर ठेवून टाचणी लावली, आणि ते बाड घोषणा देत परीक्षा विभागात दिलं.

एकट्याचा अर्ज सरांच्या सहीनं निघाला असता. दीडशेंच्या निवेदनाला समिती लागते. समिती सुटीनंतर बसली. सर व्हरांड्यात भेटले, नुसती मान हलवली. आठ मार्क सर्वांना मिळाले तेव्हा शाळा उघडून महिना लोटला होता. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मला उतरवा असं म्हणायचंही त्राण नव्हतं.

त्याची नवी गुणपत्रिका घेऊन कुहीच्या बसमध्ये बसलो, पुढे गावापर्यंत पायी गेलो. तो धानाच्या बांधीत होता, चिखलात पोटरीपर्यंत, रोपांची रोवणी चालू होती. बांधावर येऊन त्यानं कागद माझ्या हातातच ठेवून वाचला.

"जागा भरली," तो म्हणाला. "आपल्याच वर्गातला हाये एक. मधात शून्य ठोकणाऱ्यांतला."

मी कागदाची घडी घातली.

"सरांनी काय म्हटलं होतं तुले?"

सांगितलं. आठवडा म्हणाले होते, तेही सांगितलं.

"मंग मले काहून नाही विचारलं? बस येते ना कुहीपर्यंत."

"सगळ्यांचा प्रश्न होता."

"सगळ्यांचा कुठं होता गा. त्याईले त आठ आधीच भेटले होते. तुलेही भेटले होते."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर द्यायला मी तयार होऊन गेलो होतो. त्यानं हाताचा चिखल गवताला पुसला, कागदाकडे पाहिलं, घेतला नाही.

"ओला होईन. घरी मायजवळ दे. अन् जेवून जा, ती तसा जाऊ देणार नाही."

मग तो बांधावरून खाली उतरला. अर्धी बांधी अजून रोवायची राहिली होती.