दिवसाची वीज आणि बाबांचा कूलर

शिरपुरात आमच्या गल्लीत छतावर सोलर बसवणारा मी पहिला. शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून लोकांना मीच समजावून सांगायचो: दिवसा उरलेली वीज तारेत सोडायची, रात्री तेवढीच परत घ्यायची, बिल फक्त फरकाचं.

दुपारनंतर पॅनलवर अंगणातल्या निंबाची सावली यायची. ते झाड बाबांनी लावलेलं. जन्मभर कंडक्टरकी करून निवृत्त झाल्यावर उन्हाळाभर ते त्याच्याखाली बाज टाकून पडायचे. झाड तोडायचं म्हटलं तेव्हा ते एवढंच बोलले, "मंग मी कुठी बसू?"

"घरात. कूलर घेतो तुमच्यासाठी. दिवसरात्र चालवा, कोणी विचारणार नाही."

झाड पडलं, कूलर आला, आणि काही वर्षं खरंच कोणी विचारलं नाही.

मग मीटर बदललं आणि बिल फुगलं. मी वीज कार्यालयात गेलो. बाबू म्हणाला, "गुरुजी, नियम बदलला. दिवसाची वीज आता दिवसाच वळती होते. सांजेनंतर वापरली त्याचं बिल लागते."

"मी बसवलं तेव्हा असं नव्हतं. कागद आहे माझ्याकडे."

"तो कागद तवाचा हाय. तुमी लई घाई केली." तो हसला. माझ्यामागे रांगेत उभे असलेलेही हसले.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा कूलरसमोर उघड्या अंगानं बसले होते.

"बंद करा तो."

"काहून? तूच तं म्हटलं होतं, दिवसरात्र चालवा."

"तेव्हा म्हटलं होतं. आता नियम बदलला."

बाबूचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि वर मी हसलोही. दुसऱ्या दिवशी बाजारातून टायमर आणून कूलरला लावला. सूर्य मावळायच्या आत कूलर आपोआप बंद पडायचा. बाबा छातीवर ओला टॉवेल टाकून पडून राहायचे.

बायको म्हणाली, "माझ्या पगारातून भरते मी ते बिल. काढा तो टायमर."

"बिलाचा प्रश्न नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. पैसे आम्हाला जड नव्हते. पण कूलर सुरू झाला की रांगेतलं ते हसू मला ऐकू यायचं. ज्यांनी हसून घेतलं त्यांचं मी काही करू शकत नव्हतो. बाबांचं करू शकत होतो.

मे महिन्यात बाबा न्हाणीत चक्कर येऊन पडले. बहीण इंझोरीहून आली, तिनं टायमर पाहिला, आणि सरळ बाबांचे कपडे पिशवीत भरले.

पंधरा दिवसांनी मी त्यांना आणायला गेलो. टायमर काढून टाकला होता, तेही सांगायचं होतं. बहिणीच्या ओसरीवर बाबा शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसले होते. मला पाहून त्यांनी बाजेवर जागा करून दिली.

"या गुरुजी," ते म्हणाले. "तुमी कवा आले? चहा घेता ना?"

मी कानकोंडा होऊन बसलो. जन्मात त्यांनी मला 'तू' सोडून काही म्हटलं नव्हतं. या गोष्टीला दोन वर्षं झाली. ते अजून तिथंच आहेत. महिन्यातून एकदा मी जातो, आणि ते मला पाहुण्यासारखा चहा देतात.