उलटं बसवलेलं पायडल

हवा भरायची आणि पायडल मारून चालवायची होडी मी घेतली, तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "सायकल काय वाईट व्हती?" तरी रविवारी अमळनेरहून तापीवर जाताना तेच सगळ्यात आधी गाडीत बसले.

काठावर मी होडी फुगवली आणि मधल्या भोकात पायडलांचा सांगाडा बसवला. त्याचे दोन रबरी पंख खाली पाण्यात हलतात आणि होडी चालते. पायडलांवर नाना बसले, मागच्या टोकाला मी. आईने आम्हाला ढकललं आणि ती काठावर फुटाणे खात बसली.

नानांनी जोर लावला. होडी मागे निघाली.

"जोरात मारा," मी म्हणालो. आम्ही जोरात मागे गेलो.

"आरे, हाई मांगेच जाई राहिनी!" नाना ओरडले, पण पाय काही थांबवले नाहीत. काठावरच्या बाभळीत पहिली माझी पाठ घुसली. मी बोंबललो. आई फुटाण्यांसकट हसत होती.

"होडी तपास पहिले," नाना म्हणाले.

होडी धड होती. सांगाडा मी उलटा बसवला होता. तो फिरवल्यावर नाना एकटेच निघाले आणि तासभर परतले नाहीत.

घरी त्यांनी गच्चीवर पायडलांमधला गाळ धुतला, होडी पुसून सावलीत वाळवली. मी खाली पालथा पडलो होतो, आणि आई सुईने काटे काढताना अजून हसत होती.