पडद्याच्या पिशवीतली बिअर

शुक्रवार, ५ ऑगस्ट २०११. सकाळी ढगाळ, दुपारून ऊन. सिरील न्याहारीच्या आधीच भांडं घेऊन हजर. मागच्या स्वयंपाकघरात दिवसभर वाफ. पिशवीची एकही शिवण सुटली नाही. चोथा कोंबड्यांना घातला. डावा गुडघा दुखतो.

गुडघा इर्माच्या डायरीत रोजच दुखत असे. शिवणीचा उल्लेख मात्र तिने मुद्दाम केला होता, कारण पिशवी तिने स्वतः शिवली होती. मठाच्या शाळेत सिस्टर फिलोमेनने तिला दुमडून दोनदा घालायची शिवण शिकवली होती. कपडा उलटा केला तरी तो सुलटाच वाटला पाहिजे, नाहीतर सगळं उसवून पुन्हा. त्या शिक्षणाचा उपयोग पुढे बिअर गाळायला होईल असं सिस्टरच्या स्वप्नातही आलं नसेल. पण त्याच शाळेत दुपारच्या जेवणाला सिस्टर स्वतःच मुलींच्या ग्लासात हलकी, गोडसर बिअर ओतत असत. तेव्हा त्यांनी नाक मुरडलं नसतं.

सिरील हा इर्माचा धाकटा दीर. रस्त्याच्या पलीकडे एकटा राहायचा. इर्माचा नवरा वालेर गेल्यापासून रविवारी तिच्याकडे जेवायला यायचा आणि जाताना कोळशाची बादली भरून ठेवायचा. गावातल्या बिअरच्या कारखान्यात तो मिसरूड फुटायच्या आधी लागला आणि कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशीच बाहेर पडला. काम एकच. मोड आणून वाळवलेलं जव भरडून गरम पाण्यात भिजवायचं, त्याचा गोड रस काढून घेतला की सिरील त्या तांब्याच्या हौदात उतरायचा आणि उरलेला चोथा फावड्याने बाहेर फेकायचा. बिअर करणारे लोक वेगळे. ते पांढरे डगले घालून वर कठड्याशी उभे असत. लग्नाचा विषय काढला की सिरील म्हणायचा, "चोथ्याचा वास मारणाऱ्याला कोण पोरगी देतंय?" आणि हसायचा. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या बिअरचा गाळ उपसला. स्वतःची बिअर कधी कुणाला पाजली नव्हती.

म्हातारपणी त्याने घरच्या घरी करून पाहायचं ठरवलं. हौद नाही, गाळणी नाही, म्हणून भरडलेलं जव उशीच्या जुन्या अभ्र्यात भरून भांड्यात सोडलं. उचलताना अभ्रा टर्रकन फाटला आणि इर्माच्या फरशीवर गरम लापशीचा पूर आला. तिने फरशी पुसली, पुढच्या खोलीत गेली, खिडकीचा जाळीचा पडदा उतरवला आणि शिवणयंत्र उघडलं.

त्या शुक्रवारी तीच पिशवी भांड्यात होती. सिरीलने पाणी तापवलं, पिशवीचं तोंड भांड्याच्या कडेवर ओढून बसवलं आणि जव ओतत गेला. इर्मा लाकडी पळीने ढवळत होती.

"गुठळ्या होऊ देऊ नकोस, वहिनी."

"लापशी मी तू जन्मायच्या आधीपासून करतेय."

"मी जन्मलो तेव्हा तू चार वर्षांची होतीस."

"मग तेव्हापासून."

भांड्यावर झाकण आणि झाकणावर वालेरचा जुना ओव्हरकोट. एवढं पांघरूण घालून ते तासभर तसंच ठेवलं. मग सिरीलने पिशवीचं तोंड दोरीने आवळलं आणि दोरी तुळईवरच्या कप्पीतून ओढली. पूर्वी त्या कप्पीला डुक्कर टांगत. पिशवी वर गेली, फुगून, वाफाळत, आणि तिच्यातून मधासारखी धार भांड्यात पडू लागली. दोघंही मान वर करून बघत राहिली. शिवण टिकली.

"सिस्टरला आज दाखवायला हवी होती," इर्मा म्हणाली.

"सिस्टर म्हणाली असती, पडदा कुठाय?"

चोथा निघाला, रस उकळला, त्यात नोएल्लाच्या मळ्यातली गेल्या वर्षीची, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉपच्या वेलीची वाळवलेली फुलं पडली आणि घरभर तो कडवट हिरवा वास भरला. नोएल्लाचा हॉपचा मळा गावात सगळ्यात मोठा. वेचणी संपली की तिच्या खळ्यात मेजवानी होते. सगळं गाव जमतं. हॅम, ब्रेड, केशर घातलेली भाताची खीर आणि बिअर. दरवर्षी बिअर बाहेरून पेट्यांनी यायची. जुलैमध्ये चर्चबाहेर नोएल्लाने सिरीलचा दंड धरला होता. "सिरील, यंदा पहिला ग्लास तुझ्या बिअरचा. तू कर, मी ओतते."

गास्तोन शेजारीच उभा होता. तो कारखान्याची गाडी चालवायचा. सिरीलबरोबर पत्ते खेळायचा आणि त्याला डिवचायचा. "पडद्याची बिअर? मग ग्लासांना झालरही लाव रे!"

सगळे हसले. सिरीलही हसला. पण घरी येताना इर्माला तो म्हणाला, "वहिनी, हे एकदा नीट झालं पाहिजे. कारखान्यातले आम्ही चौघं उरलोय. त्यांच्यासमोर."

रस आंबला, बाटल्या भरल्या, बुचं दाबली, तळघरात ठेवल्या. वेचणी संपत आली तेव्हा एका रविवारी सिरील पेटीत तीन बाटल्या घेऊन जेवायला आला. गास्तोनलाही बोलावलं होतं. इर्माने मनुका घालून ससा शिजवला आणि लग्नातले सोनेरी काठाचे ग्लास बाहेर काढले. ते रोज वापरायचे नव्हतेच. तिने एकेक धुऊन, मऊ लिननच्या फडक्याने चकचकीत पुसून मांडला.

सिरीलने बाटली तिरकी धरून ओतली. फेस वर आला, दोन बोटं उभा राहिला आणि बसला. सगळा. दुधावरची साय चमच्याने काढून घ्यावी तसा. सिरीलने दुसरी बाटली उघडली. तेच. ग्लासात नुसतं पिवळं पाणी उरलं, वर एक पांढरी रेघही नाही.

ज्या गावात वर फेसाची कॉलर नसलेली बिअर खानावळीत परत पाठवतात, त्या गावात हे पाहून गास्तोनचं तोंड बंद राहणं शक्यच नव्हतं. "अरे, ही बिअर आहे का आजारी माणसाच्या खाटेखालची बाटली?" पण सिरीलचा चेहरा बघून तो पुढचं गिळून बसला.

सिरीलने घोट घेतला. "चव आहे," तो हळूच म्हणाला. मग इर्माला विचारलं, "साबण किंवा तेलकट काही लागलं की फेस बसतो. पिशवी कशाने धुतली होतीस?"

"नुसत्या गरम पाण्याने. तूच सांगितलं होतंस. साबणाचं बोटही लावलं नाही."

"हं. मग माझ्याच हातात काहीतरी." ससा त्याने नीट खाल्ला नाही. जाताना पिशवी कप्पीवरून काढून तिच्या हातात दिली, घडी घालून. "खिडकीला परत लाव, वहिनी. उद्या नोएल्लाला सांगतो, यंदाही पेट्याच मागव म्हणून."

इर्माने पिशवी टेबलावर ठेवली. तिला शिवणीकडे बघवेना.

सोमवारी सकाळी तिने कपडे धुतले, खिडक्या पुसल्या आणि अकराच्या सुमारास ब्रेडचा तुकडा आणि चीज घेऊन बसली. आदल्या दिवशीची एक बाटली, सिरीलने उघडलेलीच नव्हती अशी, पेटीत राहिली होती. शाळेपासूनची सवय, चीजबरोबर अर्धा ग्लास. सोनेरी ग्लास काढायचा तिला कंटाळा आला. ओट्यावर मोहरीची रिकामी झालेली काचेची बरणी पालथी निथळत होती, तीच ओली घेतली आणि तिच्यात ओतलं.

फेस वर आला. दोन बोटं उभा राहिला. आणि राहिलाच.

इर्मा बघत बसली. चीज खाल्लं, तरी फेस तिथेच. तेव्हा उठून तिने कपाटातला सोनेरी ग्लास काढला, त्यावर फडकं फिरवलं आणि त्याच बाटलीतली बिअर त्यात ओतली. फेस आला आणि गेला. हातातल्या फडक्याकडे तिचं लक्ष गेलं. मऊ, सुगंधी, जाईच्या फुलांचा वास. ईस्टरला सून कात्रीन निळ्या पाण्याची एक बाटली घेऊन आली होती. "आई, शेवटच्या धुण्यात झाकणभर टाका, कपडे लोण्यासारखे मऊ होतात." झाले होते खरे. लोण्यासारखे. आणि ते लोणी तिने लग्नाच्या ग्लासांना आतून चोपडलं होतं.

बाहेर सायकलच्या घंटेचा आवाज आला. सिरील फाटक लावत होता, डोक्यावर चर्चला जायची टोपी. नोएल्लाकडे निघाला होता.

इर्मा होती तशी निघाली, एप्रनमध्ये, सपाता घालून, हातात मोहरीची बरणी. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "थांब!"

सिरीलने करकचून ब्रेक दाबला. "वहिनी! भर रस्त्यात, सकाळच्या पारी, बिअर? वालेर असता तर..."

"वालेरचं नाव मध्ये आणू नकोस. हे बघ."

त्याने बघितलं. टोपी मागे सरकवली. फेसात बोट बुडवलं, बोट चाटलं. "ही कुठली?"

"तुझीच. कालचीच."

"मग काल काय झालं होतं?"

"काल मी ग्लास पुसले होते," इर्मा म्हणाली. तिचे कान तापले. "कपडे मऊ करायचं पाणी टाकलेल्या फडक्याने. शाळेत शिकवलं होतं, ग्लास पुसायचं फडकं सोड्यात उकळायचं आणि व्हिनेगरच्या पाण्यातून काढायचं. मी म्हातारपणी लाडावले. पिशवीत दोष नाही. तुझ्या हातातही नाही."

सिरील सायकलच्या दांडीवर वाकून असा हसला की समोरच्या कुंपणाआडचा कुत्रा भुंकू लागला. "म्हणजे काल तू माझी बिअरच मऊ केलीस!"

"जा आता नोएल्लाकडे."

"कशाला? पेट्या सांगायला?"

"नाही. सांग तिला, एकही ग्लास पुसायचा नाही म्हणून."

शनिवारी खळ्यात सिरील गार पाण्याच्या टबाशी उभा होता. प्रत्येक ग्लास त्याच्या हाताखालून गेला. पाण्यात बुडवून, झटकून, तसाच ओला नोएल्लाच्या हातात. फडक्यांची टोपली त्याने लांब बाकाखाली लपवली होती. कारखान्यातले बाकीचे तिघं एका टेबलाशी बसले होते. गास्तोनला ओला ग्लास मिळाला तशी सवयीने त्याचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

"रुमाल खिशात, गास्तोन!" सिरील टबाजवळून ओरडला.

"गेला, गेला!"

नोएल्लाने ओतली. पांढरी, घट्ट, दोन बोटांची कॉलर. गास्तोनने ती सगळीकडून पाहिली, प्यायला, ओठावरचा फेस पुसला नाही. काहीतरी टोमणा येईल म्हणून टेबल थांबलं होतं. त्याने रिकामा ग्लास सिरीलपुढे धरला. काचेवर आतून घोटाघोटाची पांढरी कडी उमटली होती, एकाखाली एक.

"पुन्हा बुडव," गास्तोन म्हणाला. "आणि भरायला दे."

सिरीलने ग्लास घेतला. टबात वाकला तेव्हा त्याची टोपी डोळ्यांवर आली. ती वर करायला त्याने जरा वेळ लावला. इर्मा खिरीच्या पातेल्यापाशी होती. तिने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

घरी येऊन तिने बूट काढले, दिवा लावला आणि डायरी उघडली. हवा, मेजवानीला कोण कोण होतं, नोएल्लाच्या खिरीत केशर कमी होतं. गुडघा. आणि शेवटी:

काच पुसायची सगळी फडकी सोड्यात उकळली, व्हिनेगरच्या पाण्यातून काढून मागच्या दोरीवर घातली. पुढच्या खोलीच्या खिडकीला नवीन जाळीचं कापड आणायचं आहे.